पाणी वरूनच बंद होतं

नांदेड, चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप चंद्रप्रभाअक्का आणि तीर्थरूप दाजी यांच्या चरणी धाकट्या हणमंताचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे मी, तुझी भावजय सौदामिनी आणि तुझी भाची विशाखा असे तिघंही खुशाल आहोत (खुशाल म्हणजे नेमकं काय, ते पुढं येईलच). दाजींचा गुडघा कसा आहे? आडतीवर मांडी घालून बसायचं सोडा असं मी मागंच लिहिलं होतं, पण खुर्चीवर बसणाऱ्या आडत्याला लातूरच्या गंजात, एवढ्या मोठ्या धान्यबाजारात, कुणी माल देत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही असेल. तुझा दमा, तुझी म्हैस आणि तुझा राग या तिघांचीही तबियत विचारतो. पहिल्या दोघांना आराम असो. तिसऱ्यासाठी हे पत्र लिहून राहिलो आहे.

विशाखाच्या लग्नाचं कुंकू लावलेलं आमंत्रण तुला केव्हाच पोचलं, हे मला ठाऊक आहे, कारण मुरुडच्या व्याह्यांना दाजींनी ते गंजात दाखवलं म्हणे. तुझ्याकडून मात्र हो नाही की ना नाही. का नाही, तेही मला ठाऊक आहे. आईच्या तेराव्याला भरल्या घरात तू म्हणाली होतीस, की या दगडाच्या डोळ्यांतून सासूसाठी टिपूस निघत नाही तोवर मी या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. दगड म्हणजे सौदामिनी. तेव्हापासून दोन वर्षं तू पाऊल ठेवलं नाहीस. तू बोललीस की करतेस, या तुझ्या गुणाचं मला लहानपणापासून कौतुक आहे, पण अक्का, पोरीचं नाव तू ठेवलंस. पाळण्यापाशी वाकून तिच्या कानात तू कुर्र केलंस. ती मांडवात उभी राहून दाराकडे बघत बसणार, हे मला आत्ताच दिसून राहिलं आहे. तरीपण ये म्हणून आग्रह करायला हे पत्र नाही. हा फक्त पुरावा आहे, तो वाच आणि निकाल तू दे.

आधी तुझ्या रडण्याबद्दल लिहितो, कारण त्याची तारीफ मी तोंडावर कधी केली नाही. आई गेली तेव्हा तू मोटार अड्ड्यावर उतरलीस आणि तुझा पहिला हंबरडा आम्हाला गल्लीच्या तोंडापासून ऐकू आला. टांगेवाल्याचा घोडा जागीच थांबला. ज्या बायकांचं आईशी नळावरून वैर होतं, त्यासुद्धा तू आत शिरलीस तशा ओक्साबोक्शी रडू लागल्या. आईचे सगळे गुण तू एकेक करून रडलीस, मला माहीत नसलेले काही गुणही त्यात निघाले. आईनं ऐकलं असतं तर तिला फार बरं वाटलं असतं. आणि तुझ्या मागं, तुझ्या पाठीवर हात फिरवत, तुला पाणी पाजत सौदामिनी बसलेली, डोळे लालभडक आणि कोरडे ठणठणीत. बाकीच्या बायका म्हणाल्या, बिचारी एकटीच रडून आली असेल. तू जाणकार, तू फसली नाहीस. एका नजरेत ओळखलंस की हे रडण्याचं लाल नव्हे.

ते खरोखरच रडण्याचं नव्हतं. तिचे डोळे त्याच्या कितीतरी आधीपासून जळजळत होते. डोळ्यांत कुणी तुरीचा भुसा फुंकलाय असं ती म्हणायची. चुलीच्या धुरानं तिच्या डोळ्यांना पाणी येत नसे, कांद्यानं तर नाहीच नाही. ही गोष्ट गल्लीत पसरली आणि जिथं जेवणावळ तिथले कांदे आमच्या ओट्यावर यायला लागले. शेजारच्या हनीफभाई कलईवाल्यांच्या घरी दावत असली की त्यांची बायको हसीनाबी टोपली घेऊन यायची. ती चार हात लांब बसून पदरानं डोळे पुसायची आणि आमची ही मन लावून चिरत बसायची, जशी काय काकडी. सगळे तिला मानायचे. त्या कांद्यावरूनच मला काहीतरी कळायला हवं होतं, पण ज्यात कौतुक होतं त्यात आजार बघायचं कोणाला सुचतं?

तू लातूरला परत गेलीस आणि मी इलाजाच्या मागं लागलो. आधी चष्मा झाला. चष्म्यानं तिला तांदळातले खडे लांबून दिसायला लागले, जळजळ होती तिथंच. विष्णुपुरीला जाऊन गोदागंगेच्या पाण्यानं डोळे धुऊन आलो. मग अर्धापूरचे रेवणसिद्ध वैद्य गाठले. मोठा मायाळू माणूस, केळीच्या बागेतच बसतात आणि येणाऱ्याला आधी दोन केळी खाऊ घालतात. त्यांनी सांगितलं, अंगात उष्णता फार आहे, तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासा. आता स्वतःचे तळपाय स्वतःला घासता येत नाहीत. म्हणजे रोज संध्याकाळी फौकानिया हायस्कुलाचा मास्तर, ज्याच्या छडीला सबंध शाळा भिते, तो ओसरीवर बसून बायकोचे पाय घासतोय, हे दृश्य गल्लीनं पोटभर पाहिलं. काही नवऱ्यांनी आमच्या दारावरून जाणं सोडलं, कारण त्यांच्या बायका थांबून बघायच्या. तिचे पाय लोण्यासारखे झाले. डोळ्यांनी दाद दिली नाही.

मग हकीम लालमहंमद. अक्का, काय तो माणूस! पांढरी दाढी, अत्तराचा वास, आणि नाडी धरली की डोळे मिटून असे ऐकत बसतात की आपल्यालाच वाटावं, आपण आत काय बोलून राहिलो. त्यांनी सुरमा दिला, गुलाबपाणी दिलं, पथ्य-परहेज सांगितलं. एक महिना झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि इतर कुठल्या इलाजवाल्यानं मला आजवर जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हणाले, "मास्तर, आँखाँ का कुसूर नै. पानी ऊपर सेच बंद है. ऊपर किधर, वो मेरे को मालूम नै." मला माहीत नाही असं म्हणणारा हकीम मी पहिल्यांदाच पाहिला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच, की वर म्हणजे कुठं?

शाळेच्या कुतुबखान्यात शरीराचं एक इंग्रजी पुस्तक होतं, ते मी चाळलं. त्यात ग्रंथी नावाचा एक अजब कारभार आहे. अंगात ठिकठिकाणी, एक तर थेट गळ्यातच, या ग्रंथी बसलेल्या असतात आणि रक्तात थेंबथेंब रस सोडून सगळं शरीर हाकतात. (डॉक्टर लोक त्या रसाला हार्मोन म्हणतात.) हे वाचल्यावर मी आठवडाभर ज्याच्या त्याच्या मानेकडे बघत सुटलो. आमच्या सदर मुदर्रिस साहेबांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, शेवटी गळ्याला मफलर गुंडाळला. पण पुस्तक वाचून ग्रंथी सापडत नाही. ती शोधली इथल्या जनाना दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टर नीलम्माबाईंनी.

या बाई उदगीरकडच्या, मद्रासला शिकलेल्या, मराठी कानडी सुरात बोलतात आणि कुणाला भीत नाहीत. आम्ही गेलो डोळ्यांसाठी, आणि बाई डोळ्यांचं सोडून सगळं विचारायला लागल्या. थंडी वाजते का? केस गळतात का? आवाज जाड झाला का? झोप फार येते का? पडद्याबाहेरून मीच भराभर उत्तरं देत होतो. थंडी म्हणाल तर वैशाखात गोधडी घेऊन निजते, वय झालं. बोलते फार कमी, मोठी सोशिक. पूर्वी तरातरा चालायची, आता सावकाश, समाधानी झाली आहे. वजन वाढलंय, तेही समाधानानंच. बाई पडद्याबाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अय्यो मास्तर, एवढे सगळे सद्गुण एका बाईत एकदम आले, तेव्हा तुम्हाला शंका नाही आली का?" मग त्यांनी सौदामिनीच्या भुवया दाखवल्या. दोन्ही भुवयांची बाहेरची टोकं नाहीशी झालेली. वीस वर्षं समोर बसून जेवतो, ती गेलेली मला दिसली नव्हती. टाचेच्या वर एक लहानशी हातोडी मारली, तर पाऊल लगेच हललं नाही, जरा विचार करून हललं. तेवढ्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, सापडलं.

सापडलं ते गळ्यात, जिथं ठुशी टेकते बरोबर तिथं. तिथली ग्रंथी दमली होती. तिचा रस कमी पडला म्हणून सगळं अंगच थंड आणि धिमं झालं, आणि त्यातच डोळ्यांचं पाणीही आटलं. (प्रत्येकाच्या कोरड्या डोळ्यांचं मूळ गळ्यात असतं असं नाही, हे बाईंनी मला बजावून सांगितलं, कारण मी तेव्हाच त्यांच्या कंपौंडरच्या गळ्याकडे बघत होतो.) खात्री करायला हैदराबादला जाऊन आलो. तिथं श्वास मोजायचं एक यंत्र आहे. ते नाकातोंडाला लावून स्वस्थ पडून राहायचं असतं. सौदामिनीला यंत्रातच झोप लागली. इतकी निवांत बाई आजवर आली नव्हती, असं तिथला माणूस म्हणाला. माप नीलम्माबाईंनी सांगितलं होतं तसंच निघालं. अक्का, मी देवाला जोडतो तसे हात त्या बाईंना जोडले.

औषधाच्या गोळ्या आल्या, आणि त्या मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथीच्या निघाल्या. वाळवून, दळून केलेल्या. आपल्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही. हे तिला कसं सांगावं म्हणून मी दोन दिवस बाटली खिशात घेऊन हिंडलो. शेवटी सांगितलं. तिनं बाटली उजेडात धरून पाहिली. मग तिनं विचारलं, मेंढी गेली का? म्हटलं, गेली. तर म्हणाली, मग बिचारीचं वाया कशाला घालवायचं. बाटलीला नमस्कार केला, गोळीवर तुळशीचं पान ठेवलं आणि गिळून टाकली. तेव्हापासून रोज सकाळी तेच. मला सांग, दगड असा असतो का?

हळूहळू गोधडी पेटीत गेली. आवाज मोकळा झाला. ती मला बोलायलाही लागली (पूर्वीसारखी, म्हणजे पुष्कळ). आणि फाल्गुनात एका दुपारी, मी वर्गात त्रैराशिक शिकवत असताना निरोप आला, की मास्तर, घरी लवकर चला, रडारड चालली आहे. हेडमास्तर साहेबांनी लगेच रुखसत दिली, वर माझ्यासाठी दुआ मागितली. मी टोपी विसरून पळालो. विशाखा की सौदामिनी, एवढंच डोक्यात. गल्लीत शिरलो तर पुरुष मंडळी ओट्यावर माना खाली घालून बसलेली. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बसवंत तेली तिरडीचे बांबू बघायला गेला होता. आत सगळ्या गल्लीच्या बायका बसून रडत होत्या आणि मधोमध सौदामिनी, हसीनाबीच्या गळ्यात पडलेली, धाय मोकलून रडत होती. विशाखा कोपऱ्यात धडधाकट उभी. मी दोघींना डोळे भरून पाहिलं. गेलं कोण, हेच मला कळेना.

झालं होतं असं. विशाखाला रुखवतात द्यायला सौदामिनीनं आईचं इरकल लुगडं पेटीतून काढलं. घडीतून आईची मिश्रीची डबी पडली आणि उघडली. त्या वासानं सगळं आलं, इतक्या दिवसांचं एकदम. हसीनाबी आवाज ऐकून धावली. कोण गेलं विचारायच्या आधी रडायला बसायचं, ही आपल्या गल्लीची रीत. तिचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. माझ्यासमोरच कुणीतरी एकदाचं विचारलं, कोण गेलं गं? सौदामिनी हुंदके देत म्हणाली, सासूबाई. कधी? दोन वर्षं झाली.

सगळ्यांचे पदर डोळ्यांवरून खाली आले. मला वाटलं, आता बायका चिडणार. पण हसीनाबीनं तिला आणखी जवळ ओढलं आणि म्हणाली, "अब आया तो अब रोना. आँसू का क्या महूरत रहता?" मग सगळ्याजणी पुन्हा रडल्या, यावेळी ठाऊक असून. मीही रडलो, अक्का. बसवंताला बांबू परत करायला लावले. मग सगळ्यांना चहा झाला.

तर असा हा पुरावा आहे. दाजींना नमस्कार, म्हशीला चारा.

तुझा धाकटा,
हणमंत

ता. क. मेंढीचं मुरुडच्या व्याह्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. दाजींनाही सांगू नकोस. ते एकादशीला सगळ्या गंजात सांगतील.

ता. क. दुसरा. आता ती कशानंही रडते. काल मांडवाचे खांब बघून रडली. कांदे गल्लीनं पाठवणं बंद केलं आहे, हसीनाबी स्वतःच चिरते.

ता. क. तिसरा. सौदामिनीनं पत्र वाचायला मागितलं आणि खाली चार ओळी लिहिते म्हणाली. मी त्या वाचलेल्या नाहीत, कारण ती वाचू देऊन राहिली नाही.

वन्सं, नमस्कार. ह्यांनी लिहिलेलं सारं खरं आहे, बांबूचंसुद्धा. पण एक गोष्ट ह्यांना माहीत नाही. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी असतं तरी मी रडले नसते. जायच्या आधी आईंनी मला जवळ बोलावलं होतं. म्हणाल्या, माझी चंद्रप्रभा येईल, ती जीव तोडून रडेल आणि तिचा दमा उसळेल. तिला मागून धरायला कुणीतरी न रडणारं पाहिजे. तू रडू नको, तिला धर. म्हणून मी तुमच्या मागं बसले होते. तुमचा श्वास कोंडला तेव्हा पाठ चोळत होते, ती मीच होते. तेव्हा हे बोलले नाही, कारण रडू तसंही येत नव्हतं, मग आज्ञा पाळली असं कुठल्या तोंडानं म्हणू? आता मात्र येतं, आणि फार येतं. विशाखाची पाठवणी व्हायची आहे, वन्सं. त्या वेळी मला धरायला तुम्ही या.