पुढ्यात टाकलेला खडा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२ डिसेंबर

चि. ऋतुजा हिस अप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पॅसेंजर गाड्यांवर बढती मिळून तू पुण्याला गेलीस, त्याला आता महिना होत आला. फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही. तू पाच मिनिटं बोललीस तरी तुझी अव्वा त्याचे दोनच शब्द करून सांगते, 'बरी आहे'. म्हणून हे पत्र. बापाची चेष्टा करायची नाही. डिझेल इंजिनाच्या आवाजात सगळी नोकरी गेली, कान तिथंच राहिले. तू आणून दिलेलं कानाचं यंत्र कपाटात सुखरूप आहे. लावलं की भांडी पडल्यासारखा आवाज येतो, म्हणून लावत नाही. अव्वा त्यावरून रोज भांडते, पण ते मला कुठं ऐकू येतं?

लोणावळ्यापासून कर्जतपर्यंतचा घाट शिकायला सयाजीच्या इंजिनात बसणार आहेस, असं अव्वाकडून कळलं. फार बरं झालं. माझ्या हाताखाली असिस्टंट होता तेव्हा चहा फार प्यायचा, एवढाच त्याच्यात दोष. मी जन्मभर गाडी हाकली, पण पुण्यापुढं कधी नेली नाही. घाट पाहिला तो प्रवासी म्हणून, आणि तोही झोपेत. म्हणून तू मला तो सगळा लिहून कळव. कुठं वळतो, कुठं उतरतो, पुढच्या काचेतून कसा दिसतो. घरी बसल्या बसल्या मीही एक फेरी मारीन.

कुर्डुवाडीजवळ तुझ्या मालगाडीखाली ती बाई आली, त्याबद्दल मी काही विचारत नाही. तू रजासुद्धा वाढवून मागितली नाहीस, म्हणून इथले सगळे तुला खंबीर म्हणतात. मी सांगितलेलं लक्षात आहे ना? नाव विचारायचं नाही. आमच्या ड्रायव्हरांच्या लॉबीत कोणीच विचारत नसे. नाव कळलं की ते माणूस पुढच्या प्रत्येक फेरीला रुळावर उभं राहतं.

इकडे सगळं ठीक. मी सकाळी रुळांच्या कडेनं नव्या पेठेत जाऊन भाजी आणतो. पुलावरून कोण वळसा घालणार?

अव्वा आशीर्वाद सांगते. माया आहेच, पत्राने ती कळत राहू दे.

तुझा,
अप्पा

—

पुणे,
९ डिसेंबर

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, इंजिनात बसून लिहिल्यासारखं.

घाट लिहून पाठवते. मुंबईच्या गाडीला पुण्यातून निघताना मी तिसरी म्हणून कॅबमध्ये बसते. डावीकडे सयाजीकाका, उजवीकडे असिस्टंट. मी काही हाताळायचं नाही, नुसतं पाहायचं आणि सिग्नल दिसला की त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हणायचा. लोणावळ्याला ब्रेक तपासतात. मग खंडाळ्याच्या पुढं रूळ खाली जातात. बोगदे येतात. आत काळोख, बाहेर आलं की एकदम उजेड. डावीकडे खोल दरी आहे, तळाशी कधी धुकं असतं. एका बोगद्याच्या तोंडाशी माकडं बसलेली असतात, ती गाडीला भीत नाहीत. वळणावर मागे पाहिलं तर आपलाच शेवटचा डबा दिसतो.

उतारावर एक आडवाट ठेवली आहे, डोंगरावर चढत जाणारी. तिथं गाडी पूर्ण उभी करून दाखवावी लागते. उभी राहिली म्हणजे ब्रेक ड्रायव्हरच्या हातात आहे हे कळतं, आणि मगच कर्जतकडचा रस्ता मिळतो. नाही राहिली तर ती आडवाटेला वर जाऊन थांबते, म्हणजे माणसं वाचतात. सयाजीकाका गाडी अशी उभी करतात की बाटलीतलं पाणी हलत नाही.

सुंदर आहे, असं सगळे म्हणतात. असेल. मी पाहते आणि पाठ करते. तुम्हाला खोटं कशाला लिहू, मला काहीच वाटत नाही. बरंही नाही, वाईटही नाही. परवा भाताच्या वाफेनं बोट भाजलं ते फोड आल्यावर कळलं. जेवते, झोपते, झोपही लागते.

शिकून झालं की हा रस्ता मला माहीत आहे अशी सही करायची असते. त्याशिवाय घाटात गाडी देत नाहीत. पहिल्याच फेरीला उतारावर सयाजीकाकांनी विचारलं, पोरी, भ्या वाटलं का? मी नाही म्हणाले. त्यांनी पुढच्या दोन फेऱ्यांनाही तेच विचारलं, मी तेच उत्तर दिलं. मग ते म्हणाले की त्यांना एवढी वर्षं झाली तरी हितं दर खेपंला भ्या वाटतं, आणि ज्याला वाटत नाही त्याला ते सही करू देणार नाहीत. तसं ते वरही सांगणार आहेत. सही झाली नाही तर मला परत मालगाडीवर, त्याच कुर्डुवाडीच्या रुळावर पाठवतील. त्याचंही मला काही वाटत नाही, आणि हेच बरोबर नाही एवढं कळतं.

अव्वाला नमस्कार. तुमची माया अशीच राहो, ती मला कळेल अशीही राहो.

आपली,
ऋतुजा

—

सोलापूर,
१३ डिसेंबर

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

घाट वाचला. दोनदा वाचला. सयाजी शहाणा झाला म्हणायचा. माझ्याबरोबर होता तेव्हा पालीला भीत असे.

मी म्हणतो, भीती वाटते असं सांगून टाक की. कोण तुझी छाती उघडून बघणार आहे? सही कर आणि मोकळी हो. असं मी अव्वाला म्हणालो, तर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ती बोलत नाही हे मला पाहूनच कळतं, त्याला कान लागत नाहीत. संध्याकाळी तिनं माझ्या हातात कागद-पेन दिलं आणि तुला त्या दिवसाबद्दल विचारायला लावलं. तर विचारतो. त्या दिवशी काय झालं? मला तू आजवर सांगितलेलं नाहीस. मीही विचारलं नाही, कारण आमच्यात तशी रीत नाही.

लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर माकडांबद्दल लिही. पण लिहीत राहा बाळ.

अप्पा

—

पुणे,
१७ डिसेंबर

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलंत म्हणून लिहिते.

आश्विनातली सकाळ होती, लख्ख उजेड. सरळ रूळ. लांबून दोन रुळांच्या मधून एक बाई चाललेली दिसली, डोक्यावर कडब्याची पेंढी. पाठ आमच्याकडे. मी हॉर्न दिला. ती चालत राहिली. मी ब्रेक लावला आणि हॉर्न सोडलाच नाही, हात दाबून धरला. भरलेली मालगाडी तुम्हाला माहीत आहे, थांबता थांबत नाही. माझा असिस्टंट अनिमेष ओरडत होता, जसं काही ती हॉर्नपेक्षा त्याचं ऐकेल. मग त्यानं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तिची चाल बदलली नाही. घाई नाही, दचकणं नाही. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

नंतर सगळे म्हणाले की जीव द्यायलाच आली असणार, तू काय करणार? माझा जबाब झाला. माझी चूक नाही असं ठरलं. ते मलाही मान्य आहे.

पण अप्पा, जीव द्यायला निघालेलं माणूस डोक्यावर कडबा कशाला घेईल? आणि एवढ्या हॉर्नला मान तरी वळेल की नाही? डोंगर येतात, बोगदे येतात, माझ्यासमोर मात्र तीच पाठ. तिला तोंड नाही, नाव नाही. मी कोणासाठी रडू तेच कळत नाही. मग रडूच येत नाही, आणि दुसरंही काही येत नाही.

मला तिचं नाव हवं आहे. तुमची रीत मोडते आहे हे माहीत आहे. मी स्वतः गेले तर ड्रायव्हर म्हणून गावात काय होईल सांगता येत नाही. तुम्ही विचारून द्याल का?

रागावलात तरी माया कमी करू नका.

ऋतुजा

—

सोलापूर,
२८ डिसेंबर

चि. ऋतुजास अप्पाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा नाही म्हणायचं ठरवलं होतं. पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. खिशातून ते काही जाईना, म्हणून काल मीच गेलो.

कुर्डुवाडीला उतरून पुढं एसटीनं गेलो. तिथल्या गेटमनला विचारलं, त्यानं घर दाखवलं. अव्वानं माझ्या पिशवीत कानाचं यंत्र टाकलेलं होतं. दुःखाच्या घरी कानामागं हात धरून बसणं बरं दिसत नाही, म्हणून दाराबाहेर उभा राहून ते लावलं.

तिचं नाव बजाबाई. नवऱ्याचं नाव आबासाहेब. माझ्याच वयाचे, दोन एकर रान, एक म्हैस. मी कोण ते आधीच सांगून टाकलं. म्हटलं, हाकलायचं तर आत्ताच हाकला.  त्यांनी घरात पाणी आणायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पोरीनं भोंगा दिला व्हता का? मी सांगितलं, शेवटपर्यंत दिला. तुझं पत्र खिशात होतं, तेवढा भाग वाचून दाखवला. वाचताना माझाच आवाज मला फार मोठा वाटत होता.

ते म्हणाले की बजाबाईला न्हाय ऐकू यायचं. दहा वर्सं झाली असतील, ठार बहिरी. मागनं हाक मारून उपेग न्हाय, म्हणून घरातलं कुणी बी तिच्या पुढ्यात बारका खडा टाकायचं. खडा पडला की ती थांबायची, वळायची आणि हसायची. रानातनं घरी यायला रूळ जवळ पडायचे. त्या दिवशी म्हशीला वैरण घेऊन चालली होती, बाकी काही नाही. लोकांनी जीव दिला असं उठवलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. सुखाची बाई व्हती, असं ते दोनदा म्हणाले.

मी उठलो तेव्हा ते वेशीपर्यंत आले. तिथं थांबून म्हणाले की, पोरीला म्हणावं, आमी तुला काय बोल लावत न्हाय. इंजनात बसल्याली पोर ती, तिच्याजवळ कुटनं खडा असणार?

हे त्यांचं वाक्य जसंच्या तसं तुला लिहायचं म्हणून एसटीत मनात घोकत आलो. गलका सोसेना, म्हणून यंत्र काढून पिशवीत टाकलं. स्टेशनवरून नेहमीसारखा रुळांच्या कडेनं घरी आलो. अव्वाला सगळं सांगितलं. ती रडली. मीही रडलो.

नाव मी आणलं आहे, आता तुला जे करायचं ते कर. आम्ही आहोत.

तुझा,
अप्पा

—

पुणे,
४ जानेवारी

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पाकिटासकट ड्युटीच्या बॅगेत घेऊन घाटात गेले.

आडवाटेशी गाडी उभी राहिली. कॅबमध्ये त्या वेळी नुसता ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज येतो. मी मनातल्या मनात म्हटलं, बजाबाई. काहीच झालं नाही. सिग्नल मिळाला, मी मोठ्यानं म्हटला, गाडी सुटली. मला वाटलं, एवढं करून आलात ते फुकट गेलं.

खाली एका वळणावर रूळ पाहणारे गँगमन कडेनं चालले होते. पाठ आमच्याकडे. सयाजीकाकांनी हॉर्न दिला. सगळे वळले, बाजूला झाले. एकजण मात्र वळला नाही. टोपी आणि मफलर बांधलेला, म्हातारा. तो तसाच चालत होता. रुळापासून चांगला लांब होता हो, गाडी त्याला लागणारच नव्हती. पुढच्याच क्षणी त्यानंही हात वर केला. पण तेवढ्या वेळात मला ती बजाबाईची पाठ वाटली नाही, अप्पा. तुमची वाटली. भाजीची पिशवी घेतलेली.

मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली.  कर्जत येईपर्यंत मी रडत होते आणि रडता रडता सिग्नल म्हणत होते, एकही चुकवला नाही. सयाजीकाकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कर्जतला चहा सांगितला. विचारलं, भ्या वाटलं का? मी म्हणाले, वाटलं. ते म्हणाले की आता अजून दोन फेऱ्या मार आणि कर सही.

सही करीन. पण आधी तुमच्यावर रागावू द्या. कुणाच्या दारात जाऊन, त्यांचं सगळं ऐकून तुम्ही परत आलात, यंत्र पिशवीत टाकलंत आणि रुळांच्या कडेनं घरी गेलात? हे मला आनंदानं लिहूनही कळवलंत? इतके दिवस मला कसलीच भीती वाटत नव्हती, आता तुम्ही घराबाहेर पडता या नुसत्या विचारानं ती वाटते. तुमच्या मागून येणाऱ्या इंजिनात माझ्यासारखीच कोणीतरी बसलेली असेल. तिच्याजवळ कुठला खडा?

आबासाहेबांना भेटायला मी येणार आहे. तुम्ही बरोबर चला. पुलावरून.

तुमच्यावर फार माया आहे, म्हणून आज विनंती करत नाही, बजावते आहे.

ऋतुजा

—

सोलापूर,
८ जानेवारी

चि. ऋतुजास आशीर्वाद.

पत्र दुपारी आलं. उभ्यानंच वाचलं आणि कपाटाकडे गेलो.

यंत्र लावून आज चौथा दिवस आहे, असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण आज पहिलाच आहे. भांड्यांचा आवाज येतो तो खरोखर भांड्यांचाच असतो, हे आज कळलं. अव्वा स्वयंपाक करताना स्वतःशी बोलते. किती वर्षं बोलते आहे कोण जाणे. तिला विचारलं तर लाजली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे लागलेत, त्यांचा गलका थेट अंगणात येतो. मघाशी घरामागून मालगाडी गेली. भोंगा झाला आणि मी खुर्चीत दचकून उठलो. जन्मभर भोंगा दिला, पण समोरच्या माणसाला तो कसा ऐकू येतो ते आज समजलं.

संध्याकाळी भाजीला पुलावरून गेलो. लांब पडतं, पाय दुखले.

आबासाहेबांकडे जाऊ. भोगीला त्यांना अव्वाच्या हातच्या बाजरीच्या भाकरी नेऊ.

आता उत्तर लिहू नको. कर्जतला उतरलीस की फोन कर. अव्वा उचलणार नाही, मी उचलीन.

तुझा,
अप्पा