छोटा कप आणि मारुतीचा गोल

२९ डिसेंबर १९९६

टाळलं. दिवाळीपासून टाळतोय. इथे कबूल करून टाकतो, म्हणजे उद्यापासून कामाला मोकळा.

संताजीकाकांनी कागदाचा गठ्ठा दिला, पेन दिलं, वर म्हणाले, "बंडू, तू रिकामाच आहेस. छोट्या कपाचा इतिहास तूच लिही." रिकामा म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. इतिहास रिकामा माणूसच लिहिणार, बाकीच्यांना वेळ कुठे? काका मिलमध्ये टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहायला होते आणि फुटबॉल टीमचे सेक्रेटरी. मिल बंद पडून चार-पाच वर्षं झाली, काका अजून सेक्रेटरीच आहेत.

छब्बीस जानेवारीला इथे इंदूरला मिलच्या मैदानावर शेवटचा मेळावा. नंतर तिथे भिंत येणार आणि प्लॉट पडणार. जुने खेळाडू जमतील, स्मरणिका निघेल, आणि अठ्ठ्याहत्तरची फायनल ज्याच्या गोलने जिंकली त्याला शाल-श्रीफळ. तो म्हणजे माझे बाबा. मारुती.

मग हे काम दुसऱ्या कुणाचं असेल? उद्या सुरू.

३० डिसेंबर

सुरू नाही केलं. बाबांचा डबा द्यायला सियागंजात गेलो. बाबा आता तिथे हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलतात. बाहेर एक ट्रकवाला भेटला, नाशिकला निघाला होता. म्हणाला, चल. जवळजवळ गेलोच होतो – पण चप्पल तुटकी होती.

२ जानेवारी १९९७

लिहिलं! चार पानं, एका बैठकीत. मला जमतं हे मला माहीत होतंच. शाळेतल्या मास्तरांना नव्हतं.

छोटा कप चोपन्न साली सुरू झाला. खरं नाव अखिल भारतीय मिल फुटबॉल दुय्यम चषक, पण हे नाव कुणी एका दमात म्हटलेलं काकांनी ऐकलेलं नाही. ज्या मिलच्या टीमला मोठ्या कपात जागा नाही तिच्यासाठी हा कप. कानपूर, सोलापूर, नागपूर, अहमदाबाद – दरवर्षी नवं शहर. पहिला नियम: खेळाडू मिलचा परमनंट कामगार हवा. दुसरा नियम मला फार आवडला. जी टीम जिंकेल ती पुढच्या वर्षी मोठ्या कपात जाणार, छोट्यात परत येणार नाही. म्हणजे जिंकलं की हकालपट्टी! त्यामुळे एकाही टीमने हा कप दोनदा जिंकलेला नाही. असा कप जगात दुसरा नसेल, असंही लिहून टाकलं. तपासायला कोण जातंय?

मग दिल्लीत नवी धोरणं आली आणि इकडे एकेक मिल बसली. शेवटचा कप ज्यांनी जिंकला त्यांच्या मिललाच कुलूप लागलं, कप आत राहिला. आता केबलवर इंग्लंडची मॅच दिसते. आमच्या लाइनीतली, मिलच्या चाळीतली पोरं तिकडच्या खेळाडूंची नावं घेतात. ठीक आहे. पण ती टीव्हीतली माणसं कुणाच्या शेजारी राहतात का? आमचा गोलवाला राहतो.

३ जानेवारी

हात दुखला म्हणून सुट्टी.

७ जानेवारी

कृष्णपुऱ्याला संताजीकाकांच्या घरी. काकूंनी गराडूच्या कंदाचे काप तळले होते, लिंबू पिळून. पहिली प्लेट संपेपर्यंत इतिहास बंद.

मग काका सांगू लागले. "लिही. फायनल, आपल्याच मैदानावर, कानपूरविरुद्ध. बदली – कचरू."

"कितव्या मिनिटाला आला?"

"येईल कुठून? पहिल्यापासून होता."

"काका, बदली खेळाडू पहिल्यापासून कसा असेल? कुणाच्या जागी?"

"मारुतीच्या."

मी पेन खाली ठेवलं. "आणि गोल?"

"मारुतीने. शेवटची शिटी व्हायच्या जरा आधी. डाव्या पायाने, क्या बताऊं, गोलकीपर हललाच नाही."

"म्हणजे मारुती बाहेर बसला होता आणि त्याने गोल मारला?"

काकांनी गराडू उगाच फुंकला. थंडच होता तो. म्हणाले, "अरे भिया, कागदावर जे नीट बसेल ते लिही ना."

वय झालं त्यांचं. पुढच्या वर्षी मोठ्या कपात आम्ही पहिल्याच मॅचला सहा गोल खाल्ले. काका म्हणाले, "त्या दिवशी मारुती चाललाच नाही. तिथे फोटोवाला पास लागत होता ना." फोटोचा आणि खेळाचा काय संबंध? मी लिहिलं – पाय मुरगळला होता. कचरूचंही नीट बसवलं: दुसऱ्या अर्ध्यात थोडा वेळ आला आणि परत गेला. इतिहास असा घासूनपुसून घ्यावा लागतो.

९ जानेवारी

आज गोल लिहिला. जिवाची बाजी लावून लिहिला.

मी तेव्हा चार वर्षांचा. गोल नीट आठवत नाही, पण मिरवणूक आठवते. बाबांच्या खांद्यावर मी, खाली ढोल, डोळ्यांत गुलाल, मातीचा आणि घामाचा वास. मिलने बाबांना लाइनीतली कोपऱ्यावरची खोली दिली, स्वतःचा नळ असलेली. आजही पोस्टमन तिला गोलवाली खोली म्हणतो. मी त्याच खोलीत बसून लिहितोय. गोलवाल्याचा पोरगा म्हणून नाक्यावर आजवर किती चहा प्यायलो याचा हिशोब नाही. बारावी फेल झालो तेव्हासुद्धा न्हावी म्हणाला, "जाने दे, बाप ने गोल मारा है."

हे सगळं छापून येणार.

१२ जानेवारी

बाबांना वाचून दाखवलं. दिवसभर खिळे हाताळून त्यांचे तळवे गंजाने लाल होतात. ते घासत ऐकत होते. शेवटपर्यंत ऐकलं.

"भाषा छान आहे," म्हणाले. "डाव्या पायाने मारला म्हणतोस?"

"काकांनी सांगितलं."

"मला डाव्या पायात चप्पलसुद्धा चाचपून घालावी लागते रे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"बदलीचं चुकलंय तुझं. बदली खेळाडू नाही. बदली कामगार."

हा शब्द मला माहीत नव्हता असं थोडंच आहे? लाइनीत वाढलोय. परमनंट नाही तो बदली. रोज सकाळी गेटवर उभा राहणार, जो कामावर आला नाही त्याच्या जागी आत जाणार. पण फुटबॉलच्या कागदावर हा शब्द दिसला आणि माझं डोकं मैदानातच राहिलं.

महूचा कचरू हा बदली होता. छावणीत फौजी लोकांबरोबर खेळून तयार झालेला. पण परमनंट नाही, म्हणजे नियमाने टीममध्ये नाही. बाबा परमनंट होते, टीममध्ये होते – आणि त्यांच्याच शब्दांत, "मैदानावर मी खांबासारखा." म्हणून फायनलला कचरू मारुती झाला.

"आणि तुम्ही?"

"मी रजेवर, कारण मारुती मैदानावर. माझ्या लूमवर माझ्या जागी बदली कोण? कागदावर कचरू. म्हणून मी कचरूच्या नावाने आत गेलो आणि माझाच लूम चालवला. त्या दिवशी मी माझाच बदली होतो."

लूमच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, तिथे सगळं बोलणं हातांनी. बाबा म्हणाले, दाराकडून एकाने दोन्ही हात वर केले, ते एका लूमवरून दुसऱ्या लूमवर आलं. गोल झाला. बाबांनी हातानेच विचारलं – कुणी? तो माणूस हसला आणि बोट बाबांच्या छातीकडे केलं. तू.

"असा कळला मला माझा गोल."

मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? म्हणाले, "आधी बोललो असतो तर कप गेला असता. मग खोली मिळाली. मग तू लोकांना सांगत सुटलास."

आई चुलीपाशी होती. वळलीसुद्धा नाही. "त्या रात्री ह्यांच्या शर्टाला मिलच्या रुईचा वास होता," म्हणाली. "मैदानावर रुई कुठून येईल?"

१३ जानेवारी

नाक्यावर चहाचे पैसे दिले. चहावाला घाबरला – "तबियत ठीक है?"

१६ जानेवारी

महूला जायला निघालो होतो. इथल्या लालबागला जत्रा भरलीय, तिथे मौत का कुआं लागलाय. काल तिथे, आजही तिथेच. मोटरसायकल भिंतीवर गोल गोल फिरते आणि पडत नाही. का पडत नाही ते त्या माणसालाच विचारलं. म्हणाला, "थांबलो की पडतो." मला पटलं. पण महूला मात्र जावं लागणार.

१७ जानेवारी

गेलो. मीटरगेजच्या छोट्या गाडीने महू, पुढे विचारत विचारत.

कचरूकाकांची पिठाची गिरणी आहे. भुवया पांढऱ्या, पिठाने की वयाने ते कळेना. मी म्हटलं, मारुतीचा मुलगा, मिलवरून आलो. त्यांनी पट्टा बंद केला, आवाज थांबला. "ही माझी मिल," म्हणाले. "मॅनेजर मी, मजूर मी आणि बदलीपण मीच."

मुलगी बाहेर आली. संबोधी. शाळेत शिकवते. "इतक्या वर्षांनी इंदूरला महूचा रस्ता सापडला वाटतं," म्हणाली. तरी चहा आणला.

गोलचं विचारलं. काका म्हणाले, "गोल मारुतीने मारला. कुणालाही विचार."

"तुम्ही एवढं खेळायला शिकलात कुठे?"

"मी खेळलोच नाही, तर शिकेन कशाला?"

चेहरा असा सरळ की मलाच शंका आली. संबोधी म्हणाली, "लहानपणी आम्ही विचारायचो, बाबा, मिलमध्ये तुम्ही कोण? तर म्हणायचे, जो त्या दिवशी आला नसेल तो." मग माझ्याकडे बघून, "गोल मारणाऱ्याला खोली मिळाली. बाबा पुढे कितीतरी वर्षं गेटवर उभे राहिले. परमनंट कोण करणार? कचरूने काही केलंच नव्हतं."

मी चहा संपवला. मग म्हटलं, "काका, छब्बीसला या. मैदानावर."

"कुणाच्या नावाने येऊ?"

त्यांनी पट्टा पुन्हा लावला. मी रस्त्याला लागलो तेव्हा मागून ओरडले, गिरणीच्या आवाजावर: "मिरवणुकीत माझ्या खांद्यावर मुतला होतास. तेवढं लिही!"

परतीच्या गाडीत सबंध वेळ दारात उभा होतो. तो घामाचा वास बाबांचा नव्हता तर.

१९ जानेवारी

संताजीकाकांशी भांडण. मी म्हटलं, कचरूचं नाव छापा.

"म्हणजे आम्ही नियम मोडला असं छापू? कप काढून घेतील."

"कोण घेणार? कपाची कमिटी बंद, मिल बंद, कप कुलपात."

काका एकदम बसले. "बंडू, मिल गेली. मशिनी भंगारात गेल्या. मैदान जाणार. आमच्याकडे उरलं काय? अठ्ठ्याहत्तरला आम्ही जिंकलो, एवढंच ना? ते पण चोरीचं होतं असं तू लिहिणार?"

काकांचं चूक नाही. संबोधीचंही नाही. दोन बरोबर माणसं भेटली की मला ट्रक आठवतो. पण ह्या वेळी कुठे जाणार नाही.

२१ जानेवारी

सापडलं! प्रेसमध्ये, उभ्या उभ्या. एक शब्द घातला.

"विजयी गोल – मारुती (बदली)."

काकांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेरचा वाचेल त्याला वाटेल, उशिरा मैदानात आलेला खेळाडू. मिलवाला वाचेल त्याला सगळं कळेल. खोटं एक अक्षर नाही, आणि कपाला धक्का नाही. मग काका म्हणाले, "टाइम ऑफिसात घ्यायला हवं होतं तुला."

मुरगळलेला पाय काढला. मिरवणूक ठेवली, खांदा कुणाचा ते नाही लिहिलं. मुतल्याचं लिहिलं.

छापलेलं पान पाकिटात घालून महूला पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही. पान बोलेल.

२४ जानेवारी

संबोधी काही कामाने इंदूरला आली होती, नाक्यावर भेटली. पान मिळालं. कचरूकाकांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि ज्वारी दळायला घेतली. "येणार नाहीत," म्हणाली. "नका वाट पाहू."

२५ जानेवारी

रात्री बाबा म्हणाले, "मी जाईन. पण नाव पुकारलं तरी उठणार नाही."

"मग संताजीकाकांचा पोपट होईल."

"होऊ दे. उठायचं ते मारुतीने. मी त्या दिवशी कचरू होतो."

आईने तरी धुतलेला शर्ट काढून ठेवला. मी स्मरणिका दहादा उघडली. माझं नाव शेवटच्या पानावर आहे – लेखन: बंडू. बारीक अक्षरात, पण आहे.

२६ जानेवारी

सकाळ. आत्ता कडी वाजली. आई जाऊन आली. म्हणते, "बाहेर एक जण उभे आहेत. भुवयांवर पीठ. नाव विचारलं तर म्हणाले, मारुती."

बाबा माझ्यासमोर बसून दाढी करतायत.