फोनवरची मुलगी

प्रिय धाकट्या,

फोन केला असता तर तोंडाला येईल ते बोलले असते, म्हणून लिहायला बसलेय. आई गेली तेव्हा तू आलास, रडलास, मी तुला जवळ घेतलं आणि गप्प राहिले. आता राहवत नाही. आईचं हृदय थकल्यापासून नर्सबाई घरी यायच्या, ते तुला आठवत असेल. चहाला नाही म्हणायच्या आणि आधी आईच्या घोट्यावर बोट दाबायच्या. सुजेने खळगा राहिला की लगेच डॉक्टरांना कळवायच्या. तुमच्या कंपनीचा तो तब्येत विचारणारा फोन सुरू झाला आणि आपल्या वस्तीतल्या नर्सबाई बंद झाल्या. नदीपलीकडच्या बंगल्यांना मात्र फोनही आहे आणि नर्सही. वर तुम्ही म्हणता, सर्वांना समान उपचार. कोणत्या तोंडाने म्हणता रे?

रोज सकाळी ती फोनवरची मुलगी विचारायची, काकू, दम लागतो का, पायांना सूज आहे का. ते यंत्र आहे हे आईला पटेना. इतकं गोड बोलते ती, यंत्र कसं असेल, म्हणायची. फोनच्या आधी केस विंचरून खुर्चीत बसायची, सुजलेल्या पायांवर चादर ओढायची आणि धाप आवरून सांगायची, बरं आहे गं, तू जेवलीस का? यंत्राने नोंद केली, प्रकृती स्थिर. एकदा मी फोन हिसकावून खरं सांगायला गेले, तर रुग्णाचा आवाज जुळत नाही म्हणून त्याने फोनच ठेवला. डॉक्टरांची वेळ मागितली, तर तिथेही तेच, त्या स्थिर आहेत, थांबा.

खोटं का बोलतेस म्हणून मी आईवर खेकसले. तर म्हणाली, धाकट्याचं ऑफिस आहे ते. त्याच्याच आईने रडगाणं लावलं तर त्याला साहेब काय म्हणतील? तुझी नोकरी सांभाळत बसली होती ती, अगदी शेवटपर्यंत.

काल तुमच्या ऑफिसातून संमतीचा कागद आला. आईचं ते 'बरं आहे' त्यांना जाहिरातीत हवंय, समाधानी रुग्ण म्हणून. खाली तुझी सही पाहिली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझी सही मिळणार नाही. तुझीही मागे घे, आणि आपल्या वस्तीत नर्सबाई परत येईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस. फक्त त्या सगळ्या फोनचं रेकॉर्डिंग मला पाठवून दे. जन्मभर तिच्याजवळ राहिले मी, पण तिचा आवाज तुमच्याकडे आहे.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई