गोलकीपरच्या हाताचं माप

बाबा, मागच्या रविवारी मी तुमच्या मैदानावर जाऊन आले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. मधल्या इतक्या वर्षांत जऊळक्याला कितीदा आले, आईला भेटले, ती गेल्यावर घराला कुलूप लावायलाही आले, पण स्टेशनामागच्या त्या वाटेला वळले नाही. लोकांना वाटायचं, तिथे गेलं की हिला रडू येत असेल. रडू नाही, बाबा, राग यायचा. सवतीचा वाटावा तसा त्या मैदानाचा मला हेवा वाटायचा. खरं तर तो आईला वाटायला हवा होता, पण ती बिचारी तुमच्या टीमसाठी भाकरी थापण्यातच खूश होती.

तेव्हा रेल्वेची छोटी लाइन होती आणि तुम्ही स्टेशनवर रूळ बदलणारे पॉइंट्समन. दक्षिणेकडे नोकरीला असताना तुम्ही हा खेळ शिकलात, आणि बदली होऊन आलात ते ट्रंकेत चामड्याचा फुटबॉल घेऊनच. गावाला कबड्डी ठाऊक. पारावरचे म्हातारे हसले, "पायानंच खेळाचं म्हन्ते! हाताले का लकवा झाला?" तुम्ही मात्र तरोट्यानं माजलेली पडीक जागा मागून घेतलीत आणि ड्यूटी संपली की कुदळ घेऊन तिकडे जाऊ लागलात. आपली काळी माती ती. उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या की पाय अडकून घोटा मुरगळावा, आणि पावसाळ्यात चेंडू पडला तिथेच रुतायचा. म्हणून हळूहळू जमलेल्या तुमच्या टीमनं दोन उन्हाळे बैलगाडीनं मुरूम आणून पसरला, बाभळीच्या बल्ल्यांचे गोलपोस्ट रोवले. मी तापानं फणफणून खाटेवर पडले होते तो दिवस आठवतो. तुम्ही माझ्या उशाशीच बसला होतात, पण नजर खिडकीबाहेर. आईला म्हणालात, "आभाळ भरून राह्यलं. आज पानी आलं तं सारा मुरूम वाहून जाईन."

मग तो आला. स्टेशनवर पोती उचलायचा, विशीचा असेल, आई-बाप नसलेला, ताडमाड. एकदा वॅगनमधून घसरलेलं पोतं त्यानं वरच्यावर झेललं आणि ते तुम्ही पाहिलंत. त्याच संध्याकाळी तो दोन बल्ल्यांच्या मध्ये उभा होता. रविवारी मॅच झाली की तो आपल्याकडे जेवायला. तुम्ही स्वतःच्या हातानं त्याच्या भाकरीवर बेसनाचं चून वाढायचे आणि मला म्हणायचे, "पानी दे वं त्याले." जेवता जेवता त्याचा पंजा धरून आईला दाखवायचे, "पाह्य, देवानं गोलकीपरच घडवला." मी तांब्या घेऊन उभी. माझेही हात तिथेच होते, बाबा.

तुम्ही अकोल्याला गेला होतात त्या दिवाळीत परतताना त्याच्यासाठी हातमोजे आणलेत आणि माझ्यासाठी हिरव्या बांगड्या. त्यानं मोजे घातले, ते असे बसले जणू त्याच्यासाठीच शिवले असावेत. बांगड्या माझ्या बोटांच्या पेरांवरच अडकल्या. साबण लावून ओढल्या, दोन फुटल्या. तुम्ही म्हणालात, "एवढी मोठी कधी झाली वं तू?" सगळे हसले. मी न्हाणीत जाऊन हात धुतला, बराच वेळ. त्याच्या हाताचं माप तुम्हाला पाठ होतं.

दहावीचा निकाल लागला तेव्हा मी शाळेतून तडक मैदानावर धावत आले. अनसिंगच्या टीमबरोबर मॅच रंगात आलेली. तुमच्या शर्टाची बाही धरून मी ओरडले, "बाबा, शाळेतून पयली आली मी!" तुम्ही माझ्याकडे न बघताच हातानं मला दूर केलंत. "बाजूले सरक. कॉर्नर हाये." त्यानं तो कॉर्नर अडवला. आपण जिंकलो. तुम्ही टीमला पेढे वाटलेत आणि त्यातलाच एक माझ्या हातावर ठेवलात. तो मी म्हशीला चारला.

तुम्ही गेलात त्या सकाळी अंगणात मोठा खल झाला. मुलगा नाही, तेव्हा मडकं कोणी धरायचं? धनजहून चुलतभाऊ निघाला होता, पोहोचला नव्हता. आईनं सांगितलं, "माही पोरगी धरन." दोघातिघांनी तोंडं वाकडी केली, पण आईपुढे कोणी बोललं नाही. तो कोपऱ्यात उभा होता, डोळे सुजलेले. मडकं माझ्या हातात दिलं गेलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि काय झालं कुणास ठाऊक, सरळ चालत गेले आणि ते त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "घे. तूच तं त्यायचा पोरगा." तो मडकं घट्ट धरून हमसून हमसून रडला. मी घरात निघून गेले.

आता तो तुमच्या टीमच्या क्लबचा अध्यक्ष आहे. केस पांढरे, गुडघे गेलेले. महिन्यापूर्वी जिने चढून माझ्या घरी आला. "ताई, यंदा तरी ये. बाबाच्या नावानं गेट करून राह्यलो." म्हणून गेले. लोखंडी गोलपोस्ट आहेत, टिनाची शेड आहे. बूट घातलेल्या पोरी सराव करत होत्या, मला कोणी कधी खेळतेस का म्हणून विचारलं नव्हतं, तेव्हा त्यांचाही हेवा वाटून घेतला. मग तो माइकवर उभा राहिला. मला वाटलं, तुमच्याबद्दल बोलेल. तो माझ्याबद्दल बोलला. "मले बाप नव्हता. या ताईनं तिच्या बापाचं मडकं माह्या हाती देलं. पोरीचा हक्क व्हता तिचा. एवढं मोठं मन म्या कुठीच पाह्यलं नाही." मैदानभर टाळ्या. पोरी येऊन पाया पडल्या. आयुष्यभर तो 'तूच तं त्यायचा पोरगा' या एका वाक्यावर उभा होता, आणि मी ते त्याला टोचावं म्हणून बोलले होते.

मी उठले, हात जोडले आणि टाळ्या घेतल्या. परतीच्या गाडीत दोनदा त्याचा नंबर काढला, लावला नाही. त्याला खरं सांगण्याची माझी छाती नाही. तुम्हाला सांगतेय, तेही हे पत्र कुठे पोचणार नाही म्हणूनच.