शेजारच्या खाटेवर

मिनियापोलिस,
४ ऑक्टोबर १९५४

प्रिय ओस्मुंडदादा,

आम्ही इथे ठीक. तिकडे गायी, बटाटे आणि तुझा गुडघा ठीक असतील असं धरून चालतो. सिग्नेने वहिनीला नमस्कार सांगितलाय.

त्या रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांसमोर तू म्हणालास, "एइनार, पोरीचं काळीज म्हणजे काय दूध काढायचं यंत्र आहे? उघडलं, पुसलं, लावलं!" सगळे हसले. तर ऐक. इथल्या इस्पितळातला पंप मी पाहिला. आपल्या डेअरीत साय पुढे ढकलतो, त्याच जातीचा आहे. शाळा आठवीत सुटली माझी, पण त्या पंपाचा स्क्रू न् स्क्रू मी स्वतः खोलून शिकलोय. डॉक्टरांना विचारलं, "नळी कितीदा बदलता?" ते म्हणाले, "दर वेळी नवी." मग माझी तक्रार नाही.

रूनाच्या हृदयातल्या पडद्याला भोक आहे. दूध ओढतानाही दमते, कपाळ घामाने भिजतं. भोक शिवेपर्यंत तिचं रक्त त्या पंपाने शेजारच्या खाटेवरच्या मोठ्या माणसाच्या अंगातून फिरवून आणतात. तेवढा वेळ त्याचंच हृदय दोघांसाठी चालतं. ही देवाच्या कामात ढवळाढवळ, असं पाद्रीबाबा म्हणतात ना? मग तुझा मोडलेला पाय बसवला तेव्हा कुठे होते ते?

त्या खाटेवर बाप झोपतो. मी सही करून मोकळा झालो होतो.

मग रक्त तपासलं. माझं जुळत नाही. सिग्नेचंही नाही. मी पुन्हा तपासायला लावलं, तर नर्स म्हणाली, "अहो, हट्ट केला म्हणून रक्त बदलत नाही." रूनाचं 'ओ' आहे.

तुझ्या सैन्यातल्या बिल्ल्यावर कोणता रक्तगट कोरलाय, ते मला ठाऊक आहे.

धोका लपवत नाही. दोन्ही खाटांवरचं माणूस दगावू शकतं. आधीची काही मुलं घरी गेली, काही नाही गेली. वहिनीने अडवलं तर तिला दोष देणार नाही. तुला देईन.

आपल्या लोकांत कॉफीला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला कप पुढे करायचा. मी तसा आग्रह करत बसणार नाही. रूनाला तेवढी सवड नाही. तुझं म्हणणं मला आजही पटत नाही आणि मी माफीही मागत नाही. तुझं रक्त मागतोय. एकदाच.

गुरुवारची बस धर. वाटेत हवे तेवढे वाद मनाशी घाल. मी स्टँडवर उभा असेन, तू आलास तरी, नाही आलास तरी.

तुझा न वाकणारा धाकटा भाऊ
आणि रूनाचा बाप,
एइनार