नर्सबाईंचा डबा आणि आपले पेरू

अहो,

नमस्कार. मी बरी आहे. धाकटी बहीण मला शहरभर हिंडवते आहे. फोनवर तिच्यासमोर बोलता येईना, म्हणून लिहिते.

काल म्युझियम पाहिलं. काचेच्या पेटीत मातीचा एक वाडगा होता, तीन हजार वर्षांचा. धाकटी म्हणाली, "ताई, केवढा जुना बघ!" माझ्या मनात आलं, हाही कुणी शेजारणीने दुसरीच्या नवऱ्याला भरून दिला असेल.

संध्याकाळी गाण्याबजावण्याच्या ठिकाणी गेलो. सगळे नाचत होते, मीही नाचले. ढोलवाला म्हणाला, "बाई, ताल पक्का आहे हां तुमचा!" तुम्हाला पंचवीस वर्षांत दिसला नाही.

पण मजा कसली डोंबलाची? फोनवर तुम्ही तीनदा सांगितलंत, समोरच्या नर्सबाई डबा देतात आणि भाजीला काय चव असते. माझ्या भाजीबद्दल एकदाच बोललात, मीठ कमी आहे म्हणून. वर डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून झाडावर चढून त्यांना पेरू काढून दिलेत. मी महिनाभर पेरू काढा म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा तुमचा गुडघा दुखत होता.

आता कसा आहे गुडघा? रोज तेल लावा. पण स्वतःच्या हाताने, बाई नर्स असली तरी.

शेंड्यावरचे पेरू राहू द्या, ते माझे. रविवारी येणार होते, आता शुक्रवारीच येते. त्यांचा शेवटचा डबा घासून ठेवा. तो मी स्वतः नेऊन देईन, रिकामाच.

सध्या तरी तुमचीच,
बायको