भाकरी केली कोणी?

मळमड्डी, मंगळवार, संध्याकाळ

आज पाहुण्यांसमोर सुनेला टोकलं, ते मनातून जाईना. महादेवी माहेरची कानडी, सासूला 'अत्ती' म्हणते. हौसेनं म्हणाली, "मी भाकरी केले." मी हसून म्हटलं, "केले नाही, केली!" शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलेली जीभ माझी. पाहुणेही हसले.

"पण अत्ती, केलं तर मी. मग 'केली' का?"

"भाकरी स्त्रीलिंगी, म्हणून."

"मीही बाईच की. मी आले, मी गेले, मग मी केले का नाही?"

भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हा नियम मला पाठ. पण का बदलतं? कधी विचारलंच नाही स्वतःला. का हसले मी?

दुपारपासून ती माझ्याशी कानडीतच बोलते. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन तिच्याच बोलीत म्हटलं, "नंद तप्पातु." माझं चुकलं.

"असू दे, अत्ती." मराठीत म्हणाली. पण वर पाहिलं नाही.